वल्हवणारे थोरले, धावणारा धाकटा

नानांना दोन जावई होते आणि दोघांतही दम होता. सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

धाकटा जावई कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे खिडकीपाशी बसून तो दिवसभर दुसऱ्यांचे दात घासायचा आणि संध्याकाळी बूट चढवून धावायला जायचा. थोरले जावई उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासायचे. आठवडाभर वर-खाली करून झालं की सुट्टीच्या दिवशी हा माणूस तळ्यावर जायचा, एका काडीसारख्या बोटीत बसायचा आणि दोन वल्ह्यांनी स्वतःला पाठीच्या दिशेने ओढत न्यायचा. वल्हवणारा जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो. समोर त्याला फक्त आपण कुठून आलो ते दिसतं. घरात एकाला थोरले म्हणत आणि दुसऱ्याला धाकटा. थोरल्यांना मान मिळे, धाकट्याला कामं मिळत. आपणही तीच रीत पाळू.

एरवी दोन साडूंनी फावल्या वेळात काय करावं हा त्यांचा प्रश्न. एक घामाघूम होऊन पायी घरी येतो, दुसरा घामाघूम होऊन गाडीने येतो, एवढाच काय तो फरक. पण या भांडणात नाना सापडले.

नाना म्हणजे दोघांचे सासरे. उभी हयात त्यांनी बसमध्ये कंडक्टरकी केली, आणि तीही उभ्यानेच. निवृत्त झाल्यावर ते धाकट्या लेकीकडे राहायला आले. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. ते छान पार पडलं. टाके सुकले, खोकला गेला, भूक परत आली. नाना मात्र परत आले नाहीत. खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत ते जे बसले ते बसलेच. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढीच त्यांची फेरी उरली.

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता त्याला कामाला लावा. चाला, फिरा, पोहा, आवडेल ते करा. दम वाढवला नाहीत तर ही खुर्ची काही सुटायची नाही."

नानांनी मान डोलावली आणि घरी येऊन खुर्चीत बसले.

धाकट्याला त्याचं कारण ठाऊक होतं. नाना उठताना आधी एक हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवत, मग थांबत, मग आतून काही आवाज येतोय का ते ऐकत, आणि मगच उठत. चालायचे तेही काठोकाठ भरलेला पेला हातात असल्यासारखे. नाना घाबरले होते, आणि तसं कबूल करायची त्यांना लाज वाटत होती. जन्मभर गर्दीला 'पुढे सरका' म्हणून दरडावलेला माणूस, त्याने कोणत्या तोंडाने सांगायचं की आपल्यालाच पुढे सरकायची भीती वाटते?

धाकट्याचा नानांवर जीव होता. लग्नाचं ठरत होतं तेव्हा, मुलगा खोटे दात बनवतो हे ऐकून सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. नाना तेवढे म्हणाले होते, "लोक याच्या भरवशावर हसतात. मुलगी द्यायला हरकत नाही." हे वाक्य धाकटा कधी विसरला नाही. नानांनी खुर्ची सोडावी, आपल्या शेजारून चालावं, मग हळूहळू धावावं, असं त्याच्या मनाने घेतलं.

नेमकं तेच थोरल्यांच्याही मनाने घेतलं, फक्त त्यांच्या मनात नाना बोटीत बसलेले होते.

दर सुट्टीच्या दिवशी थोरले सहकुटुंब जेवायला यायचे आणि पहिला घास गिळायच्या आत विषय निघायचा.

"धावणं म्हणजे काय, तर दर पावलाला स्वतःला उचलून जमिनीवर आपटणं," थोरले म्हणायचे. "गुडघे आधी जातात, मग कंबर. वल्हवताना पाय, पाठ, पोट, दंड, सगळे एकदम राबतात आणि सांध्यांना एक धक्का बसत नाही. शिवाय बसून करायचा व्यायाम. नाना जन्मभर उभे राहिले, आता तरी बसू दे की त्यांना."

"बसायला ते बसलेलेच आहेत, दादा," धाकटा म्हणायचा. "आपल्याला त्यांना उठवायचं आहे. आणि धावायला लागतं काय? बूट. तुमच्या वल्हवण्याला बोट लागते, तळं लागतं, क्लब लागतो, बोट उचलायला दुसरा माणूस लागतो आणि बोट उलटली तर तिसरा."

"माझी बोट कधी उलटलेली नाही."

"उलटली होती," थोरली ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तो वारा होता," थोरले म्हणाले आणि लगेच धाकट्याकडे वळले. "तुझ्या पायांची नखं दाखव बरं सगळ्यांना."

धाकट्याची अंगठ्याची दोन्ही नखं धावून धावून काळीनिळी पडली होती. त्याने पाय खुर्चीखाली घेतले. "तुम्ही तळहात दाखवा आधी," तो म्हणाला. थोरल्यांच्या तळहातावर फोडांचं पीक होतं. त्यांनी हात टेबलाखाली घेतले. मग बराच वेळ एकाचे पाय दिसेनात आणि दुसऱ्याचे हात, आणि जेवण तसंच अडून राहिलं.

बायकांचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी ते दिलं. धाकट्याची बायको म्हणाली, "हे धावून आले की जिना उतरताना कण्हतात." थोरली ताई म्हणाली, "आमचे चमचा उचलताना कण्हतात. जिन्याने ते जातच नाहीत, लिफ्ट तपासायची असते ना." दोघी बहिणी यावर इतक्या हसल्या की जावयांची थोडा वेळ एकी झाली.

बोलून भागेना तेव्हा प्रात्यक्षिकं सुरू झाली. थोरल्यांनी नानांच्या दोन्ही हातांत दोन झाडू दिले, पाय पाटावर टेकवायला लावले आणि खुर्चीतच वल्हवायचं कसं ते शिकवायला बसले. "आधी पाय लोटा, मग पाठ, मग हात." नानांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि एका झाडूच्या दांड्याने पाठ खाजवली. दुसऱ्या दिवशी धाकट्याने त्यांच्यासाठी धावायचे बूट आणले, मऊ तळव्यांचे, लाल नाड्यांचे. नानांनी ते घातले, पाय स्टुलावर ठेवले आणि संध्याकाळपर्यंत कौतुकाने बघत राहिले.

"कसे आहेत, नाना?"

"बसायला फार चांगले आहेत," नाना म्हणाले.

शेवटी एका दुपारी नानाच कंटाळले. "मला एक सांगा," ते म्हणाले. "तू धावतोस, तुम्ही वल्हवता. जाऊन कुठे पोचता?"

"परत घरी," धाकटा म्हणाला.

"परत क्लबावर," थोरले म्हणाले.

"म्हणजे जिथे बसलात तिथेच उतरलात. याचं तिकीट मी कितीचं फाडायचं?" नानांनी डोळे मिटले. "असं करा, दोघं शर्यत लावा. जो जिंकेल त्याचं मी ऐकेन. आता मला पडू द्या जरा."

त्यांना फक्त ब्याद टाळायची होती. दोन प्रौढ माणसं हे खरंच मनावर घेतील असं त्यांना वाटलं नव्हतं. पण नानांनी आपल्या जावयांना अजून पुरतं ओळखलं नव्हतं.

तळ्याभोवती धावायचं तर रस्ता लांबचा पडतो आणि बोट मधून कापून जाते, म्हणून तळं बाद झालं. मग धाकट्यानेच कालवा शोधला. शहराबाहेर, सरळसोट, अरुंद, आणि एका काठाने थेट पाण्याला लागून पायवाट. पादचारी पुलापासून पंपघरापर्यंत जमीन आणि पाणी अगदी बरोबरीने जात होते. थोरल्यांनी जागा पाहिली आणि मान्य केली. कालव्यात आपण कधी वल्हवलेलं नाही हे त्यांनी सांगितलं नाही, कारण तसं कुणी विचारलं नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी धाकट्याकडून एक कवळी बिघडली. वरचे दात खालच्या दातांवर बसेनात. त्याचं लक्षच नव्हतं. हरलो तर नाना थोरल्यांबरोबर क्लबात जातील, हे दुःख होतंच. पण त्याच्याही खाली एक भीती होती, आणि ती त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. दोघांपैकी कुणीही जिंकलं आणि नाना तरीही उठले नाहीत, तर मग आपल्याकडे दुसरा उपाय कोणता उरतो? नाना हळूहळू त्या खिडकीशी संपत जातील आणि आपण इथे दुसऱ्यांना हसू पुरवत बसू. त्याने कवळी मोडीत टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली.

सकाळी नाना यायला तयार झाले ते एका अटीवर. खुर्ची बरोबर पाहिजे. ती खुर्ची गाडीच्या टपावर बांधून नेली. पंपघराजवळ, पायवाटेच्या कडेला ती ठेवली, नाना लाल नाड्यांच्या बुटांसकट तिच्यात बसले आणि तीच शेवटची रेषा ठरली. जो खुर्ची आधी ओलांडेल तो जिंकला. दोघी बहिणी चहाचा थर्मास घेऊन शेजारी उभ्या राहिल्या.

तिकडे पुलाखाली धाकटा नारिंगी बनियन घालून उभा होता आणि थोरले बोटीत बसले होते. पुलावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याला त्यांनी 'चला' म्हणायला सांगितलं. तो 'चला' म्हणाला आणि खरंच निघून गेला. शर्यत सुरू झाली.

पहिल्या काही वल्ह्यांतच बोट पुढे गेली, आणि एक चमत्कारिक गोष्ट धाकट्याच्या लक्षात आली. थोरले पुढे होते, पण त्यांचं तोंड मागे होतं. तो स्वतः मागे होता आणि त्याचं तोंड पुढे. म्हणजे सगळा वेळ दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. दुसऱ्या कुठल्या शर्यतीत हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचा चेहरा इतका वेळ बघावा लागत नसेल.

"कसं काय?" थोरल्यांनी विचारलं.

"मजेत," धाकटा धापा टाकत म्हणाला.

"गुडघे?"

"आहेत."

इथे थोरल्यांनी एक चूक केली. पाठमोरं जाणारा माणूस सरळ जाता यावं म्हणून मागची एखादी खूण धरून ठेवतो. झाड, खांब, काहीही, फक्त ते जागचं हलता कामा नये. तळ्यावर थोरल्यांची खूण म्हणजे क्लबाच्या आवारातला खांब. इथे खांब नव्हता. त्यांचं सगळं चित्त धाकट्यावर, त्यामुळे त्यांच्याही नकळत त्यांनी त्याचं नारिंगी बनियनच खूण म्हणून धरलं. धाकट्याने वाटेतलं डबकं चुकवलं की पाण्यातली बोटही डबकं चुकवायची. तो एका झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून गेला, तर बोटीनेही कालव्यात कुत्र्याला वळसा घातला. असं करत करत बोट पलीकडच्या काठाकडे सरकत चालली, आणि पलीकडच्या काठाला, पंपघराच्या अलीकडे, गाळ काढायचा एक मोठा लोखंडी तराफा बांधून ठेवलेला होता.

धाकट्याला तराफा दिसला. "दादा, मागे बघा," तो ओरडला, पण दम इतका लागला होता की अर्धा आवाज आतच राहिला. थोरल्यांना वाटलं, हा मागे पडला म्हणून कासावीस झालाय. त्यांनी समाधानाने आणखी जोर लावला.

नानांना खुर्चीतून सगळं दिसत होतं. आधी ते स्वस्थ बघत होते. मग पुढे झुकले. कपाळाला आठ्या पडल्या.

"याच्या मागे कोण आहे?" त्यांनी लेकींना विचारलं.

"कुणाच्या?"

"अगं, गाडी मागे घेतोय तो. मागे कुणी उभं नाही त्याच्या."

आणि नाना उठले. दांड्यावर हात ठेवला नाही, थांबले नाहीत, आतलं काही ऐकलं नाही. डेपोत बस मागे घेतली जात असताना कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहिला नाही, असं त्यांच्या सबंध नोकरीत एकदाही झालं नव्हतं. ते पायवाटेवर आले, बोटीच्या दिशेने तरातरा चालत गेले, एक हात वर केला आणि गर्दीने भरलेल्या डेपोत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इकडे घ्या. इकडे, इकडे. आणखी. आता सरळ करा."

थोरल्यांनी हा आवाज पाठीमागून ऐकला आणि मान न वळवता मुकाट्याने ऐकलं. तसा आवाज कानावर आला की माणूस ऐकतोच. बोट वळली. एक वल्हं तराफ्याला जेमतेम घासून गेलं.

"येऊ द्या," नाना म्हणाले. "येऊ द्या, येऊ द्या."

बोट त्यांच्याजवळ आली आणि पुढे जाऊ लागली. आता नानांपुढे दुसरा मार्गच नव्हता. मागे घेतल्या जाणाऱ्या गाडीच्या मागेच राहायला हवं. ते वळले आणि बोटीच्या पुढे राहण्यासाठी चालू लागले. चालून पुरेना तेव्हा पळू लागले. पळणं म्हणजे तसं फार काही नव्हे. कोपरं बाहेर, पोट पुढे, लाल नाड्या सुटलेल्या. पण दोन्ही पाय आळीपाळीने जमिनीवरून उचलले जात होते आणि तोंडाने 'येऊ द्या' चालूच होतं.

"नाना, अहो हळू," थोरली ताई किंचाळली. धाकटीने थर्मास खाली टाकला.

धाकटा आता नानांच्या पाठीशी येऊन पोचला होता. वळवावळवीत बोटीचा वेग पडला होता आणि खुर्ची समोर होती. दोन ढांगा टाकल्या असत्या तर तो जिंकला असता. त्याने बाजूने निघायला पाऊल टाकलंही. तेवढ्यात नानांनी मागे न बघता हात आडवा केला. "थांब रे. दिसत नाही, गाडी लागतेय?"

धाकटा थांबला. समोर त्याचे सासरे धावत होते, स्वतःच्या पायांनी, आणि त्यांना ते माहीतसुद्धा नव्हतं. धाकट्याला एकदम भरून आलं. दम लागलेला असताना रडू येणं फार अवघड असतं, दोन्ही एकाच नळीतून येऊ बघतात. त्याने दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि जमेल तसं उरकलं.

रिकाम्या खुर्चीसमोरून आधी नाना गेले, मग बोट. नाना आणखी थोडं पुढे जाऊन थांबले आणि म्हणाले, "बास." छाती भात्यासारखी हलत होती. दोघी लेकी दोन्हीकडून धावत आल्या, एकीने नाडी धरली, दुसरीने कपाळ. नानांनी दोघींनाही बाजूला सारलं.

"कुणी शिकवलं तुम्हाला असं मागे यायला?" ते थोरल्यांना म्हणाले. "जीव घ्याल एखाद्याचा."

जिंकलं कोण, यावर पुढे महिनाभर वाद झाला. थोरले म्हणायचे, जिंकली ती बोट, म्हणजे वल्हवणं श्रेष्ठ. धाकटा म्हणायचा, बोटीच्या आधी नाना गेले आणि ते धावत गेले, म्हणजे धावणं श्रेष्ठ. नाना कुणाचंच ऐकत नव्हते. त्यांची एकच घालमेल होती. "यांना एकट्याने सोडायचं नाही," ते म्हणत. सुट्टीच्या सकाळी सगळ्यांच्या आधी बूट घालून दारात उभे राहत, आणि अधल्यामधल्या दिवशी संध्याकाळीही कालव्यावर पाण्याची पातळी बघायला म्हणून चालत जाऊन येत. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि त्या खूश झाल्या.

"कोणता व्यायाम करता?" त्यांनी विचारलं.

"व्यायाम कुठला," नाना म्हणाले. "गाडी मागे घ्यायची असते."

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने छताकडे बघितलं.

एवढं सगळं चांगलं झालं, तरी धाकट्याच्या मनात एक काटा राहिलाच. नाना धावत होते, पण त्याच्याबरोबर नव्हे. थोरल्यांसाठी धावत होते. तो मागून यायचा आणि नानांना ओलांडायची त्याला परवानगी नव्हती. शिवाय थोरल्यांचा त्याला राग येई. इतके आठवडे झाले तरी हा माणूस सरळ जायला शिकत नाही म्हणजे काय? दर सुट्टीला बोट पलीकडच्या काठाला जायची आणि दर सुट्टीला नाना ओरडत तिच्यामागे पळायचे. लिफ्टचं बरं असतं, तो मनात म्हणायचा, तिला कडेला जायला जागाच नसते.

मग एका सकाळी नाना वाटेत थांबले. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला, तुमची काठी वाटेत येतेय, हे त्यांना समजावून सांगायचं होतं. धाकटाही त्यांच्यामागे थांबला. बोट आपली पुढे चालली होती.

ती पट्टीने रेघ ओढावी तशी सरळ चालली होती. मधूनमधून थोरले खांद्यावरून मान वळवून मागे बघत, सहज, सवय झालेल्या माणसासारखे, आणि पुन्हा वल्हवू लागत. वाटेत तरंगणारा एक ओंडका त्यांनी न अडखळता चुकवला. वाहत आलेली एक फांदी आली, तीही चुकवली. धाकटा बघतच राहिला.

नाना म्हाताऱ्याशी बोलणं संपवून वळले. तेव्हा थोरल्यांनी एकवार धाकट्याकडे बघितलं. समोरासमोरच होते दोघं, कुणालाच दुसरीकडे बघायची सोय नव्हती. थोरल्यांना, आपल्या वल्हवण्याला कुणी नाव ठेवलेलं आजवर कधी खपलं नव्हतं. त्यांनी डोळा मारला नाही, हसले नाहीत. फक्त उजव्या हाताला जरा जास्त जोर दिला. बोट तिरपी झाली आणि पलीकडच्या काठाकडे निघाली.

"अहो, कुठे चाललात?" नाना ओरडले. "इकडे घ्या, इकडे." आणि कोपरं बाहेर काढून पळत सुटले.

धाकटा त्यांच्यामागून निघाला. चार पावलांत त्याने त्यांना गाठलं असतं. त्याने पावलं आखूड केली, खांदे पाडले आणि मोठमोठ्याने धापा टाकायला सुरुवात केली.

नानांनी पळता पळता मागे वळून बघितलं. "दमलास का रे?"

"हो, नाना," धाकटा म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे."